दोन कुंचल्यांचा कज्जा

॥ श्री ॥ ज्यानें मनुष्यास मुख दिलें, मुखावर केस दिले, आणि ते केस काढण्याची बुद्धीही दिली, त्या परमेश्वरास नमस्कार करून लेखणी उचलिली. शके सोळाशें नव्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरे, माघ मासीं एका राज्यांत दाढीचे कुंचल्यावरून मोठा कज्जा उभा राहिला, तो जैसा घडला तैसा लिहिला असे. राज्याचें नांव लिहीत नाहीं, कारण तेथील मंडळी अद्यापि गाल चोळीत आहेत. लिहिणारास तरुणपणापासून दाढी राखण्याचा परिपाठ, सबब कोणत्याच कुंचल्याशीं सोयरीक नाहीं आणि वैरही नाहीं, हें आधींच सांगून ठेवितों.

त्या राज्याचे धनी श्रीमंत महाराज, वय बेचाळीस, गादीवर बसून बावीस वर्षें जाहलीं होतीं. स्वभावें शांत, न्यायास चोख, जेवणास साधे. परंतु आठवड्यांतून तीन वार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार, मर्जी अशी फिरत असे कीं हत्तीनेंही वाट बदलावी. हे तीन वार श्रीमंतांचे श्मश्रूचे, म्हणजे दाढी करण्याचे. त्या दिवशीं ज्यानें अर्ज केला त्याचें शेत गेलें, ज्यानें मुजरा केला त्यास वांकतां येत नाहीं म्हणून बोलणीं बसलीं, आणि एका गवयास केवळ आलाप लांबला म्हणून सीमेपार जावें लागलें. मग लोक शहाणे जाहले आणि मुलांस सांगूं लागले कीं लग्न पाहावें पंचांग काढून आणि अर्ज द्यावा गुरुवारीं. कारण काय, तर श्रीमंतांचे गाल त्या तीन दिवशीं आगीसारखे होत, आणि राजाचा गाल दुखला म्हणजे प्रजेची पाठ दुखते. आतां गाल कां दुखत, तें सांगतों. श्रीमंतांचे पणजोबांचे वेळीं कोणा वैऱ्यानें दाढीचे कुंचल्यास विष लाविलें, पणजोबा थोडक्यांत वांचले, आणि वांचतांच त्यांनीं कायदा केला कीं राजमुखास जो कुंचला लागेल तो कोरा असावा, आधीं कोणास लागलेला नसावा, आणि राजमुखास लागल्यावर पुढें कोणासही न लागावा, तडक जामदारखान्यांत कुलपांत जावा. जो कोणी वापरलेला कुंचला जाणूनबुजून राजमुखास लावील त्याचा उजवा हात कलम. येणेंप्रमाणें बावीस वर्षें आठवड्यास तीन कुंचले कोरे आले, जामदाराची मोहर होऊन एकेक वेळ फिरले आणि कुलपांत गेले, आणि जामदारखान्यांत रत्नांपेक्षां कुंचल्यांसच जागा अधिक लागूं लागली. हे कुंचले रानडुकराचे मानेवरील केसांचे. दसऱ्याचे शिकारींत डुकर पडे, त्याचे केस सरकारी न्हावी सटवाजी वारीक याचे घरीं जात, आणि त्याची बायको तुळसा ते निवडून, धुऊन, जुडी बांधून, राळ ओतून सागाचे दांडींत बसवी. सात पिढ्या हें वतन त्या घराकडे होतें.

मग त्या वर्षीं मार्गशीर्षांत एक टोपीकर, म्हणजे विलायती, सौदागर आला आणि त्यानें नजराण्यांत मखमलीचे पेटींत तीन कोरे कुंचले आणिले. केस खालीं पांढरे, मध्यें काळे, टोंकास पुन्हां पांढरे, आणि बोट लावावें तर लागलें कीं नाहीं तें बोटासच ठाऊक. टोपीकर म्हणाला कीं हा बॅजर नांवाचे जनावराचा केस, तें आमचे मुलखीं बिळांत राहतें, लाजाळू असतें, म्हणून केसही मृदु. दिवाण भगवंतराव यांस हें फार पटलें. त्यांस टोपीकराकडून एक घड्याळ पोंचलें होतें. तें चालत नव्हतें, परंतु दिसण्यांत उत्तम होतें. एके बुधवारीं श्रीमंतांनीं त्यांतला एक लाविला, आणि काय सांगावें, श्मश्रू होऊन उठले तों हंसत उठले. त्या बुधवारीं त्यांनीं दोन कैदी सोडिले आणि सीमेपार गेलेले गवयास पत्र धाडिलें. दिवाणजींनीं संधि साधून अर्ज केला कीं, "सरकार, बावीस वर्षें जो त्रास जाहला तो डुकराचा. डुकराचा केस तो डुकराचाच. आतां बॅजराचे कुंचले गलबतानें मागवावे, बरोबर टोपीकराचा न्हावीही येण्यास राजी आहे. सटवाजीचें वतन खालसा करावें."

सटवाजीस बोलावणें गेलें. वय त्रेसष्ट, अंग वाळकें, परंतु हात असा स्थिर कीं वस्तऱ्यावर दिवा ठेवावा आणि ज्योत हलूं नये. तो आला, मुजरा केला आणि म्हणाला, "म्हाराज, जनावराचा गुन्हा न्हाई. डुकराचा केस पहिल्या दिशी काटाच असतो. त्याला पान्यात भिजवावा, गालावर राबवावा, सहा म्हैनं, आठ म्हैनं. मग त्याचं टोक फाटतं, एकाची दोन व्हत्यात, आन् मग त्यो कापसावानी लागतो. तुमच्याकडं त्यो एक दिस येतो आन् कुलपात जातो. त्यानं मऊ व्हायाचं कवा?" श्रीमंतांनीं विचारिलें, "हें बावीस वर्षांत बोलला नाहींस?" तो म्हणाला, "पयल्याच वर्सी बोललो व्हतो. जामदारसायबांनी कायदा दावला." जामदार अंताजीपंत, वृद्ध, प्रामाणिक, कमरेस किल्ल्यांचा जुडगा आणि मनांत नेहमीं धास्ती, त्यांनीं मान हलविली कीं दाखविला होता खरा. तेव्हां दिवाणजी हंसले आणि बोलिले, "ऐकलें सरकार? याचें म्हणणें, आधीं दहाजणांचे गालावर घासावा आणि मग श्रीमंतांचे गालावर!" दरबारांत सर्व हंसले. सटवाजी हंसला नाहीं. त्यानें विनंति केली कीं वर्षें लागलीं तरी एक कुंचला आपल्याच गालावर राबवून आणितों. जामदारांनीं सांगितलें कीं तुझा गाल तरी दुसऱ्याचाच गाल, कायदा होऊं देणार नाहीं. वेदमूर्ति केशवभट यांनीं मध्येंच सांगितलें कीं वराह हा विष्णूचा तिसरा अवतार, बॅजराचा अवतार पुराणांत आढळत नाहीं. श्रीमंत न्यायी, त्यांनीं हुकूम केला कीं ऐकीव गोष्टीवर सात पिढ्यांचें वतन जाऊं नये, येत्या रविवारीं भरदरबारीं परीक्षा व्हावी. डोळे बांधावे, एका गालीं एक कुंचला, दुसऱ्या गालीं दुसरा, दोन्ही कायद्याप्रमाणें कोरे, हात मात्र एकच, सटवाजीचा. डुकराचा हरला तर सटवाजीनें आपली धोकटी, म्हणजे वस्तरा-कुंचल्याची पिशवी, देवडीवर ठेवून गांव सोडावा. दिवाणजी संतुष्ट जाहले, कारण कोरा डुकरी कुंचला कसा लागतो हें श्रीमंतांचे गालांस तीन हजार वेळ ठाऊक होतें.

सटवाजी घरीं आला, धोकटी खुंटीस लाविली आणि ओसरीवर बसून राहिला. तुळसेनें सर्व ऐकिलें. मग तिनें धोकटी खालीं काढिली आणि तींतून त्याचा गांवकीचा कुंचला बाहेर काढिला. सरकारी कुंचले निराळे आणि हा निराळा. यानें तो वेशीजवळच्या निंबाखालीं बसून गांवाच्या दाढ्या करी. अकरा वर्षांचा कुंचला, दांडी काळी पडलेली, केस टोंकास पिंजून भुरे जाहलेले. तुळसा म्हणाली, "अवं, ह्यो बगा. ह्याच्याम्होरं त्या बिळातल्या जनावराची काय मजाल?" तो म्हणाला, "ह्यो कोरा न्हाई. हात जाईल." ती म्हणाली, "जामदारसायेब मोहर कशावर मारत्यात? दांडीवर. केसाला ते हात लावत न्हाईत, त्यास्नी मनाई हाय. म्या दांडी नवी बसवते." त्यानें काळ्या दांडीवरून बोट फिरविलें. मग म्हणाला, "गाव सोडायचं म्हंजी ह्यो हात घेऊनच जायाचं ना? त्यो घेऊन म्या कुटं जाऊ? सात पिढ्यांची वळख ह्या गावातल्या गालांशी." तेव्हां तुळसेनें राळ तापविली, जुनी दांडी फोडिली, जुडी अलगद काढिली आणि नव्या सागाचे दांडींत बसविली. शनिवारीं सटवाजी तो घेऊन जामदारखान्यांत गेला. अंताजीपंतांनीं दांडी पाहिली, दांडी नवी होती, त्यांनीं लाख लावून मोहर केली. शंभर वर्षें दांडीवरच मोहर होत आली, आणि केस जुना असूं शकेल हें त्या राज्यांत कोणाचे ध्यानीं आलें नाहीं.

रविवारीं सदर भरली. श्रीमंतांचे डोळ्यांस शेला बांधिला. सटवाजीनें दोन्ही कुंचले पाण्यांत सारखा वेळ भिजविले, साबण एकच घेतला, आणि प्रथम उजव्या गालीं बॅजर फिरविला. येथें लिहिणें प्राप्त आहे कीं त्याचें सर्वस्व पणास लागलें असतां त्यानें बॅजराचा कुंचला दाबून धरिला नाहीं कीं वांकडा फिरविला नाहीं. जैसा फिरवावा तैसाच फिरविला. बॅजरानें पाणी बहुत धरिलें, फेस ढिगानें केला. मग डाव्या गालीं डुकराचा फिरविला. यानें पाणी कांहीं कमी धरिलें, फेसही कमी, परंतु श्रीमंतांची मान जी ताठ होती ती हळूहळू सैल जाहली, आणि क्षणभर सर्वांस वाटलें कीं महाराजांस झोंप लागली. नंतर श्रीमंत बोलिले, "उजवा आला तो पाहुण्यासारखा. मऊ खरा, गोड बोलला आणि निघून गेला. डावा आला तो घरच्यासारखा. तोही मऊ, किंबहुना अधिक, आणि वर गाल चोळून केस उभा करून साबण मुळाशीं नेतो. डावा उत्तम. डावा तोच बॅजर ना?" दिवाणजी डाव्या बाजूस उभे असून त्यांनीं सर्व पाहिलें होतें, तरी संवयीनें "होय सरकार" असें बोलून गेले. मग शेला सुटला.

श्रीमंतांनीं डुकराचा कुंचला हातीं घेतला, उलटासुलटा पाहिला, आणि गालास हात लावून म्हणाले, "सटवाजी, वतन तुझें तुजपाशीं राहिलें. परंतु एक सांग. कोऱ्या कुंचल्यास हा मऊपणा आला कोठून?" आतां तो कांहीं न बोलतां मुजरा करून निघता तर हें लिहिण्याचें कारण उरलें नसतें. सटवाजीनें धोकटी जमिनीवर ठेविली आणि म्हणाला, "म्हाराज, ज्या गालाला हात लावला त्याच्याशी म्या आजवर खोटं बोललो न्हाई. ह्यो कोरा न्हाई. दांडी कोरी हाय, केस अकरा वर्साचा हाय. ह्यो माझा गावकीचा कुंचला." तो पुढें म्हणाला, "ह्यो मऊ म्या केला न्हाई. वेशीवरच्या राघू कासाराच्या गालानं केला. धनगराच्या बिरूनं केला, त्याचा गाल तर दगडावानी. माझ्या बापाची शेवटची दाढी ह्यानंच केली. तुमचं जामदारसायेब दर मंगळवारी ओसरीवर बसत्यात, त्यांच्या गालानं केला. आन् दिवाणजींनीबी केला. ते दर खेपंला म्हनत्यात, सटवाजी, तुझा हात म्हंजी लोणी. म्या म्हनायचो, हात न्हाई सायेब, कुंचला. पर ते हातच म्हनत राहिले." तेव्हां जामदारांचा हात आपसूक गालाकडे गेला. दिवाणजींचाही जात होता, तो त्यांनीं मध्येंच थांबवून पागोट्याकडे नेला.

श्रीमंतांनीं विचारिलें, "अंताजीपंत, कायदा काय सांगतो?" जामदारांनीं वाचिलें कीं उजवा हात कलम, आणि वाचतां वाचतां डोळ्यांस धार लागली, कारण मंगळवार दोनच दिवसांवर होता, आणि माणूसही ओळखीचा होता. इतक्यांत दारांतून तुळसा आंत शिरली, चोपदारानें अडविलें तरी थांबली नाहीं, आणि म्हणाली, "हात तोडायचा तर माझा तोडा. दांडी म्या बसवली. ह्यांचा हात गेला तर गावाच्या दाढ्या कोन करील?" सटवाजी तिजला म्हणाला, "तू गप." ती गप राहिली नाहीं, परंतु पुढें काय बोलली तें रडण्यांत समजलें नाहीं. श्रीमंत बराच वेळ कुंचल्याचे केसांवरून अंगठा फिरवीत बसले. मग बोलिले, "पणजोबांनीं कायदा केला तो विषाचे भयानें. आम्हांस असें विचारावयाचें आहे कीं या कुंचल्यानें अकरा वर्षांत किती माणसें मेलीं?" सटवाजी म्हणाला, "येकबी न्हाई, म्हाराज. कापलंबी न्हाई कुनाला." श्रीमंत म्हणाले, "म्हणजे साऱ्या गांवानें अकरा वर्षें याची पारख केली. आणि आमचे कोरे कुंचले, ते लागण्यापूर्वीं कोणाचे गालानें पारखिले होते? पंत, शंभर वर्षें आम्हीं नेमका तोच कुंचला तोंडास लाविला ज्याचा कोणासच भरंवसा नव्हता. ज्यानें पारखिलेला कुंचला आणिला त्याचा हात तोडला तर पणजोबा आम्हांस वर गेल्यावर काय म्हणतील?" हात वांचला, वतन कायम जाहलें. तरी जामदार हात जोडून म्हणाले, "सरकार, अर्धा कायदा आज मोडला, अर्धा तरी उभा राहूं द्यावा. कुंचला राजमुखास लागला, आतां तो दुसऱ्यास लागतां नये." श्रीमंतांनीं म्हाताऱ्याकडे पाहिलें आणि एक दिवशीं सर्व मोडूं नये म्हणून मान्य केलें. येणेंप्रमाणें सटवाजीचा अकरा वर्षांचा कुंचला तीन हजार कोऱ्यांमध्यें कुलपांत गेला. बॅजराचेही लागलेले दोन कुलपांत गेले, आणि पेटींतला तिसरा, कोरा, दिवाणजींस बक्षीस मिळाला. तो खरोखर उत्तम होता आणि त्यांनीं जपून वापरिला, हेंही लिहून ठेवणें उचित.

मग सटवाजी सोमवारीं निंबाखालीं जाऊन बसला. धोकटींत कुंचला नवा, तुळसेनें रात्रींतून बांधिलेला, पहिल्या दिवसाचा काटा. सर्व गांवास तें ठाऊक. राघू कासार येऊन दुरूनच म्हणाला, "सटवाजी, आज ऱ्हाऊ दे, घरी सोयरं आल्यात." बिरू धनगर म्हणाला, मेंढरें सोडून आलों आहें. मंगळवारीं जामदारांनीं निरोप धाडिला कीं दांत दुखतो. दोन दिवस वस्तरा उघडला नाहीं. सटवाजीनें आपल्याच गालावर कुंचला राबवावा, तर एका गालानें आठ महिन्यांचें काम आठ वर्षांत व्हावें, आणि त्याचें वय त्रेसष्ट. मंगळवारीं संध्याकाळीं तो तुळसेस म्हणाला, "हात वाचला, पर हाताला काम ऱ्हाईलं न्हाई." 

बुधवारीं सकाळीं वेशीजवळ गलबला जाहला. श्रीमंत पायीं आले, मागें जामदार लाखेची पेटी काखेंत मारून धांवत आले, आणि श्रीमंत निंबाखालीं सटवाजीचे घोंगडीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "नवा आहे?" सटवाजी म्हणाला, "कोराच हाय, म्हाराज. काटा हाय. तुम्ही नगा बसू." श्रीमंत म्हणाले, "आम्हांस कोऱ्याची संवय आहे. बावीस वर्षें आम्हीं पहिलाच दिवस काढिला. दुसरा दिवस कैसा असतो तो आम्हांस पाहावयाचा आहे." मग त्यांनीं मान मागें केली. कुंचला फिरला, गाल तांबडा जाहला, डोळ्यांत पाणी आलें, परंतु श्रीमंत हूं कीं चूं बोलिले नाहींत. श्मश्रू होतांच जामदारांनीं संवयीनें पेटी उघडून कुंचल्याकडे हात नेला. श्रीमंतांनीं त्यांजकडे नुसतें पाहिलें. अंताजीपंतांनीं पेटी मिटली, खालीं ठेविली, किल्ल्यांचा जुडगा सोडून तिजवर ठेविला, आणि श्रीमंत उठले त्या जागीं जाऊन बसले. म्हणाले, "सटवाजी, दांत बरा आहे." त्यांचे मागें राघू कासार बसला, त्यामागें बिरू, आणि दुपारपावेतों रांग वेशीबाहेर गेली. जो तो ओरडत होता आणि जो तो बसत होता. शुक्रवारीं श्रीमंत पुन्हां आले आणि तोच कुंचला तोंडास लावून घेतला. जन्मांत प्रथमच त्यांनीं एका कुंचल्याचा दुसरा दिवस पाहिला.

तात्पर्य, बॅजराचा केस पहिल्या दिवसापासून मऊ आणि डुकराचा पुढें मऊ, मधले दिवस कोणी तरी सोसावे लागतात. यांत दोन्ही जनावरांचा दोष नाहीं. त्या कुंचल्यास मऊ होण्यास नऊ महिने लागले, आणि तोंवर राज्यांत बुधवारींही अर्ज घेऊं लागले होते. जामदारखान्याचें कुलूप काढून अकरा वर्षांचा जुना कुंचला सटवाजीस परत दिला, तेव्हां तो म्हणाला कीं आतां याची गरज नाहीं, नवा मऊ जाहला, तरी घेतला आणि घरीं नेऊन बापाचे फुटक्या आरशापाशीं ठेविला. लिहिणारानें अद्यापि दाढी राखिली आहे, परंतु वेशीवरून जातांना हल्लीं हात हनुवटीकडे जातो. इति लेखनसीमा.